कॅमफ्लाजचा उलटा धडा : संगणकावर स्टीलचा पेला हुबेहूब कसा काढावा

फील्डक्राफ्टच्या तासाला प्रत्येक कॅडेट एक यादी पाठ करतो. वस्तू का दिसतात? आकार, सावली, कडेची आकृती, पृष्ठभाग, चमक, मांडणी आणि हालचाल यांमुळे. यांतली एकेक गोष्ट लपवत गेले की जवान झुडपात मिसळतो आणि गाडी जाळीखाली नाहीशी होते. ही यादी आपण नेहमी लपण्यासाठी वापरतो. या लेखात ती उलटी वापरायची आहे. संगणकाच्या कोऱ्या, सपाट पडद्यावर आकार, पृष्ठभाग, चमक आणि सावली एकामागून एक ठेवत गेलो, तर जिथे काहीच नाही तिथे मेसमधला स्टीलचा पेला उभा राहतो. पाहणाऱ्याला तो हाताने उचलावासा वाटला, तर चित्र जमले असे समजावे.

कॅमफ्लाज आणि चित्रकला यांचे नाते जुने आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने कॅमफ्लाजसाठी वेगळे पथक उभारले, तेव्हा त्याचे नेतृत्व गिरां द सेव्होला या चित्रकाराकडे होते. त्याआधी, १८९६ मध्ये, ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने एक साधी पण खोल गोष्ट मांडली होती. हरणासारख्या अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते. उजेड वरून येतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोट सावलीत जाते. अंगावरचा रंग नेमका याच्या उलट असल्याने दोन्ही एकमेकांना खोडतात आणि गोल शरीर सपाट दिसू लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने तोफांच्या नळ्या याच नियमाने, वरून गडद आणि खालून फिकट, रंगवाव्यात असा आग्रह धरला.

गोल वस्तू सपाट दाखवणारी ही रंगाची चढउतार उलटी केली, की सपाट कागदावरची आकृती गोल दिसते. आपले सगळे काम या एका वाक्यावर उभे आहे.

व्हेक्टर म्हणजे काय?

संगणकावरची चित्रे दोन प्रकारची असतात. मोबाइलने काढलेला फोटो हा रंगीत चौकोनांचा, म्हणजे पिक्सेलांचा, गालिचा असतो. त्याला रास्टर म्हणतात. व्हेक्टर चित्रात मात्र सूचना साठवलेल्या असतात : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा काढा, आतला भाग या रंगाने भरा. चित्र मोठे केले की संगणक त्या सूचना नव्या मापाने पुन्हा अमलात आणतो. त्यामुळे कड कधीच फाटत नाही.

हा फरक आपल्याकडे वार्षिक समारंभाच्या वेळी कळतो. शाळेच्या बोधचिन्हाची ३०० पिक्सेल रुंदीची प्रतिमा ३ मीटर रुंदीच्या फ्लेक्सवर छापली, तर एकेक पिक्सेल १ सेंटिमीटरचा होतो आणि बोधचिन्हाच्या जागी फरशा दिसतात. तेच बोधचिन्ह व्हेक्टरमध्ये असेल, तर बिल्ल्यावर आणि कमानीवर सारखेच रेखीव उमटते.

व्हेक्टर चित्रातल्या वक्ररेषांना बेझिए वक्र म्हणतात. त्यांचा जन्म मोटारीच्या कारखान्यांत झाला. गाडीच्या पत्र्याची वळणे नेमक्या आकड्यांत कशी सांगायची, हा तिथला प्रश्न होता. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात त्याचे उत्तर शोधले. सित्रोएनने आपले काम गुप्त ठेवले, म्हणून नाव बेझिए यांचे रूढ झाले. या वक्राला चार बिंदू पुरतात. दोन टोके, आणि प्रत्येक टोकाला एक अदृश्य दांडी, म्हणजे हँडल. रेषा टोकातून हँडलच्या दिशेने बाहेर पडते. हँडल जितके लांब, तितका वेळ ती त्या दिशेला धरून राहते.

रोजच्या वापरातल्या वस्तूला या शास्त्रात मानाचे स्थान आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी घरातली चहाची किटली बेझिए वक्रांत मांडली. पुढे कित्येक वर्षे संगणक-चित्रणाची नवी पद्धत आली की ती आधी त्या किटलीवर पारखली जाई. आपण किटलीऐवजी पेला घेऊ.

तयारी

इंकस्केप नावाचे सॉफ्टवेअर पुरे. ते २००३ पासून उपलब्ध आहे, मोफत आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. साधा संगणक आणि माउस एवढेच लागते. चित्र एसव्हीजी या प्रकारच्या फाइलमध्ये साठवले जाते. वेबसाठी व्हेक्टर चित्रांचे हे प्रमाण २००१ मध्ये मान्य झाले. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत चित्राऐवजी अक्षरे आणि आकडे दिसतात. ज्यांना गणिताचा वर्ग कोरडा वाटतो, त्यांनी एकदा ती उघडून पाहावी. आपल्या पेल्याची कड तिथे आकड्यांत लिहिलेली सापडेल.

संगणक सुरू करण्याआधी खरा पेला टेबलावर ठेवा. उजेड एकाच खिडकीतून येऊ द्या. खिडकी डावीकडे आणि थोडी आपल्या बाजूला असावी. वरचा दिवा बंद ठेवा. खुर्ची हलवू नका, कारण डोके चार बोटे सरकले तरी पेल्यावरची प्रतिबिंबे सरकतात. आता दहा मिनिटे काहीही न काढता फक्त पाहा आणि वहीत पाच गोष्टी नोंदवा : सर्वांत उजळ जागा कुठे आहे, सर्वांत काळी कुठे, कोणती कड धारदार आहे, कोणती विरघळलेली, आणि टेबलाचा रंग पेल्यावर कुठे दिसतो.

ही दहा मिनिटे वाया जात नाहीत. पेला राखाडी असतो हे आपल्याला आधीपासून माहीत असते, आणि माहीत असलेली गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीच्या आड येते. नवशिक्याच्या चित्रात पेला एकसारखा राखाडी असतो. खऱ्या पेल्यावर जवळजवळ काळा आणि जवळजवळ पांढरा रंग बोटभर अंतरावर शेजारी शेजारी असतात. टेहळणीवरच्या जवानाला सांगितलेले असते की दिसले ते सांग, वाटले ते वेगळे सांग. चित्र काढणाऱ्यालाही तोच हुकूम लागू आहे.

पहिली पायरी : आकार

पट्टीने पेला मोजा. समजा उंची १२० मिलिमीटर, तोंडाचा व्यास ७५ आणि बुडाचा ५५ भरला. आपला डोळा पेल्यापासून १ मीटरवर आणि पेल्याच्या कडेपेक्षा सुमारे २७ सेंटिमीटर वर असेल, तर तोंडाकडे आपण अंदाजे १५ अंशांनी खाली पाहतो. १५ अंशांची ज्या, म्हणजे साइन, सुमारे ०.२६ आहे. म्हणून ७५ मिलिमीटरचे गोल तोंड आपल्याला ७५ रुंद आणि १९ ते २० उंच अशा लंबवर्तुळासारखे दिसते.

बुडाकडे पाहताना नजर जास्त खाली वळते. तो कोन सुमारे २१ अंशांचा, आणि त्याची ज्या ०.३६. म्हणून ५५ मिलिमीटरचे बूड ५५ रुंद आणि सुमारे २० उंच दिसते. दोन्ही लंबवर्तुळांची उंची जवळपास सारखी, पण खालचे रुंदीने कमी असल्याने जास्त गोल. पुष्कळ चित्रांत पेला तरंगल्यासारखा किंवा तिरका वाटतो, त्याचे कारण इथे असते. तोंडाचे लंबवर्तुळ नीट काढून बुडाला सरळ रेषा मारलेली असते. नजर तिरपी असल्यामुळे पेल्याची उंचीही थोडी कमी दिसते. १२० च्या जागी ११४ घ्या.

इंकस्केपमध्ये लंबवर्तुळाच्या साधनाने ही दोन लंबवर्तुळे काढा. दोघांचे मध्यबिंदू एका उभ्या रेषेत ठेवा आणि त्यांच्यातले अंतर ११४ मिलिमीटर राखा. मग पेन साधनाने पेल्याचे अंग काढा : वरच्या लंबवर्तुळाच्या डाव्या टोकापासून खालच्याच्या डाव्या टोकापर्यंत सरळ रेषा, बुडाच्या पुढच्या कमानीवरून वक्र, आणि उजवीकडून पुन्हा वर. बिंदू कमीत कमी ठेवा. जिथे रेषेची दिशा खरोखर बदलते तिथेच बिंदू हवा. चार बेझिए तुकड्यांत आणि त्रिज्येच्या ०.५५२३ पट लांबीच्या हँडलांनी काढलेले वर्तुळ खऱ्या वर्तुळापासून त्रिज्येच्या केवळ ०.०२७ टक्के ढळते. तेव्हा जिथे चार बिंदूंत काम होते तिथे वीस बिंदू टाकले, तर कड गुळगुळीत होण्याऐवजी थरथरते.

अंग, आतील बाजू, कड, पट्टे, चमक आणि सावली यांसाठी सहा वेगळे थर करा आणि त्यांना नावे द्या. किट ठेवण्याची शिस्त इथेही कामाला येते. काम वाढल्यावर शंभर आकृत्यांत एक आकृती शोधायची असते.

दुसरी पायरी : पृष्ठभाग

मातीचा माठ आणि स्टीलचा पेला दोन्ही गोल असतात, तरी डोळ्याला ते वेगळे का दिसतात? माठाचा खडबडीत पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखुरतो. म्हणून त्यावर उजेडाकडून सावलीकडे रंग हळूहळू उतरतो आणि एका ग्रेडियंटने, म्हणजे रंगाच्या एका सलग उताराने, काम भागते. पॉलिश केलेला धातू आरशासारखा वागतो. त्याला स्वतःचा रंग थोडाच. तो खोलीचा रंग दाखवतो. म्हणून पेल्यावर उतार कमी आणि पट्टे जास्त असतात. पेला रंगवणे म्हणजे भोवतालची खोली त्याच्यावर गुंडाळणे.

ही खोली कशी गुंडाळली जाते, ते भूमितीने सांगता येते. गोल पृष्ठभागावरचा एखादा बिंदू आपल्यापासून जितक्या अंशांनी वळलेला असतो, त्याच्या दुप्पट अंशांवरची वस्तू त्यात दिसते. म्हणून ४५ अंश वळलेल्या बिंदूत आपल्याला थेट बाजूची, ९० अंशांवरची, वस्तू दिसते. ४५ अंशांची ज्या ०.७०७. याचा अर्थ असा : पेल्याच्या दिसणाऱ्या रुंदीपैकी मधल्या सुमारे ७१ टक्क्यांत आपल्या बाजूची अर्धी खोली मावते आणि पेल्याच्या मागची उरलेली अर्धी खोली दोन्ही कडांच्या प्रत्येकी १५ टक्क्यांत दाटीवाटीने बसते. म्हणूनच मधले पट्टे रुंद असतात आणि कडेचे अरुंद. कडेला दोन-तीन बारीक पट्टे घातले की पेला गरकन गोल होतो.

हे पट्टे उभे का असतात, याचेही कारण आहे. स्टीलची भांडी फिरवत फिरवत पॉलिश करतात, त्यामुळे त्यांवर आडवे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे ओरखडे राहतात. ओरखडे ज्या दिशेला असतात, त्याच्या काटकोनात उजेड पसरतो. आडव्या ओरखड्यांमुळे खिडकीचे प्रतिबिंब वरपासून खालपर्यंत ओढले जाऊन उभा पट्टा बनते. स्टीलच्या ताटाच्या तळाशी ओरखडे वर्तुळाकार असतात, म्हणून तिथे उजेडाचे पंखे मध्यापासून कडेकडे पसरलेले दिसतात. जेवताना ताटाकडे पाहिले तर हे लगेच पटेल.

आता अंगाला मध्यम राखाडी रंग द्या आणि त्यावर पट्टे काढा. शून्य उजळपणा म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा असे धरून, डाव्या कडेपासून मोजत गेल्यास आपल्या मांडणीसाठी ही सुरुवात ठीक आहे :

० ते ४ टक्के रुंदी : उजळपणा ४०
४ ते १० : ७५
१० ते १४ : ३०
१४ ते २६ : ९२, हा खिडकीचा पट्टा
२६ ते ४० : ६० पासून ४५ पर्यंत उतरता
४० ते ६५ : ३५, इथे आपण स्वतः, म्हणजे पाहणाऱ्याची गडद आकृती
६५ ते ८० : ५८, खोलीची उजवी भिंत
८० ते ८८ : २५
८८ ते ९६ : ७०
९६ ते १०० : ४५

हे आकडे पाठ करण्यासाठी दिलेले नाहीत. आपल्या पेल्याकडे पाहून ते बदलायचे आहेत. महत्त्वाची गोष्ट ही की पेला खाली निमुळता आहे, म्हणून पट्टेही खाली निमुळते व्हायला हवेत. संपूर्ण अंगाला एकच आडवा ग्रेडियंट दिला, तर पट्टे समांतर राहतात आणि पेल्याच्या बाजू तिरप्या जातात. डोळ्याला ही विसंगती नाव न सांगता टोचते. म्हणून प्रत्येक पट्टा वेगळी चौकोनी आकृती म्हणून काढा. वर ७५ च्या रुंदीत त्याची जी टक्केवारी असेल, तीच खाली ५५ च्या रुंदीत ठेवा.

मग कडांचा विचार करा. खिडकीच्या पट्ट्याची एक कड धारदार ठेवा आणि दुसरी मऊ करा. मऊ करण्यासाठी 'फिल अँड स्ट्रोक'च्या चौकटीतला ब्लर थोडासा वाढवा, अगदी २ ते ४ टक्के. सगळेच पट्टे सारखे धूसर केले, तर स्टीलचे प्लास्टिक होते. धातूची ओळख म्हणजे काही कडा सुरीसारख्या आणि काही धुक्यासारख्या. शेवटी सगळे पट्टे एकत्र करून अंगाच्या आकृतीने क्लिप करा, म्हणजे बाहेर सांडलेला रंग झाकला जाईल.

खालच्या दोन बोटांत टेबलाचा रंग आणायला विसरू नका. वरून खाली पाहताना उभ्या चकचकीत भिंतीत आपल्याला खालचेच पृष्ठ दिसते. टेबल लाकडी असेल तर पेल्याच्या खालच्या भागावर तांबूस छटेचा एक पारदर्शक थर द्या, वर जाताना विरणारा. या एका थराने पेला टेबलावर बसतो.

तिसरी पायरी : कड आणि आतील बाजू

पेल्याची वरची कड बाहेर वळवलेली असते, म्हणून ती बारीक नळीसारखी दिसते. तोंडाच्या लंबवर्तुळाच्या आत दुसरे, थोडे लहान लंबवर्तुळ काढा. दोघांमधली अंगठी म्हणजे कड. ती समोर जराशी जाड आणि मागे बारीक ठेवा. कडेच्या लगेच खाली अंगावर एक बारीक गडद रेषा द्या. ती वळलेल्या पत्र्याची सावली असते.

आतली बाजू बाहेरच्या उलट वागते. उजेड डावीकडून येतो तेव्हा बाहेरून पेल्याची डावी बाजू उजळते, पण आतून उजवी भिंत उजळते, कारण उजेड तोंडातून आत शिरून समोरच्या भिंतीवर पडतो. आतली डावी बाजू काळोखात राहते. चित्रातला पेला पोकळ दिसण्याचे सारे श्रेय या उलटेपणाला आहे. आत खोल जाताना रंग गडद करा, पण अगदी काळा नको. उजेड आतल्या भिंतींवर उड्या मारत तळापर्यंत थोडा पोचतोच.

चौथी पायरी : चमक

शुद्ध पांढरा रंग आतापर्यंत कुठेही वापरलेला नाही, हे लक्षात आले असेल. तो राखून ठेवायचा असतो. बंदुकीतल्या गोळ्यांसारखा तो मोजून खर्च करावा. कडेवर डावीकडे समोर एक छोटी पांढरी कमान, मागच्या बाजूला उजवीकडे तिच्याहून लहान एक, आणि खिडकीच्या पट्ट्यात एक बारीक उभी रेघ. एवढे पुरे. पांढरा रंग चार ठिकाणी असला तर चमकतो, चाळीस ठिकाणी असला तर नुसता पांढरा दिसतो. कॅमफ्लाज शिकवताना घड्याळाची काच आणि बकलाची पितळ झाकायला का सांगतात, तेही इथे कळते. दूरवरून माणूस दिसण्याआधी ती एवढीशी ठिणगी दिसते.

पाचवी पायरी : सावली

सावलीविना पेला हवेत असतो. सावली एका रंगाची, एका धारेची नसते. उजेडाचा उगम मोठा असेल तर वस्तूपासून दूर जाताना सावलीची कड पसरत जाते. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून उन्हातही वस्तूपासून १ मीटर दूर पडलेल्या सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर पुसट असते. खिडकी तर त्याहून कितीतरी मोठी. तेव्हा तीन आकृत्या एकावर एक ठेवा. पहिली बुडाला चिकटलेली, अगदी अरुंद, जवळजवळ काळी आणि जेमतेम धूसर. दुसरी उजवीकडे थोडी मागे सरकलेली, मध्यम गडद. तिसरी सर्वांत लांब, फिकट आणि खूप धूसर. पहिली आकृती सर्वांत लहान असली तरी सर्वांत महत्त्वाची आहे. पेला आणि टेबल एकमेकांना टेकले आहेत, याची साक्ष तीच देते.

आता पडद्यापासून तीन पावले मागे जा आणि डोळे किलकिले करून पाहा. बारकावे पुसले जातात आणि फक्त उजेड-काळोखाचे मोठे ठोकळे उरतात. तेव्हाही पेला गोल आणि जड वाटला, तर पाया पक्का आहे. वाटला नाही, तर बारकावे वाढवून उपयोग नाही. पट्ट्यांचा उजळपणा पुन्हा खऱ्या पेल्याशी ताडून पाहा. बहुतेक वेळा गडद भाग पुरेसा गडद झालेला नसतो.

फोटो का नको?

पालक आणि काही कॅडेट रास्त प्रश्न विचारतील. मोबाइलने एका क्षणात फोटो निघतो. फोटोवरून आपोआप व्हेक्टर बनवणारी सोयही इंकस्केपमध्ये आहे. आता तर एक वाक्य लिहिले की संगणक चित्र तयार करून देतो. मग सहा-सात तास एका पेल्यावर का घालवायचे?

चित्र हवे असेल तर खरोखरच घालवू नयेत. ते तास डोळ्यासाठी असतात. आपोआप बनलेल्या व्हेक्टरमध्ये शेकडो तुकडे असतात आणि कोणता तुकडा खिडकीचा, कोणता सावलीचा, हे त्या साधनाला ठाऊक नसते. ज्याने स्वतः पट्टे ठेवले आहेत, त्याला प्रत्येक पट्ट्याचे कारण सांगता येते. हे कारण सांगता येणे फार ठिकाणी उपयोगी पडते. रेंज कार्ड काढताना, समोरच्या टेकडीचे रेखाटन करताना, नकाशावरच्या उंचीच्या रेषांवरून जमीन मनात उभी करताना डोळ्याला हेच काम करावे लागते : दिसते त्यातून आकार ओळखणे, आणि माहीत आहे त्याला मध्ये येऊ न देणे.

दुसरे कारण आजच्या काळाचे आहे. सीमेवर तणाव असला की खोट्या छायाचित्रांचा पूर मोबाइलवर येतो. ज्याने स्वतःच्या हाताने खोटी सावली रचली आहे, त्याला दुसऱ्याने रचलेली सावली तपासता येते. सपाट मैदानावरच्या दोन उभ्या खांबांच्या उन्हातल्या सावल्या वेगवेगळ्या दिशांना का जात आहेत? हेल्मेटवर उजेड डावीकडून आणि चेहऱ्यावर उजवीकडून कसा? गाडीच्या काचेत समोर उभ्या माणसाचे प्रतिबिंब का नाही? गाडीची चाके जमिनीला टेकल्याची ती अरुंद काळी सावली कुठे गेली? हे प्रश्न विचारणारा कॅडेट असे चित्र पुढे पाठवण्याआधी थांबतो, आणि एका कॅडेटच्या थांबण्याने त्याचे घरही थांबते. म्हणून आपण काढलेले चित्र कितीही हुबेहूब झाले तरी त्याखाली 'संगणकावर काढलेले चित्र' असे स्पष्ट लिहावे. फसवणूक करण्याची ताकद ज्याच्या हाती येते, त्याने लेबल लावण्याची सवयही त्याच दिवशी लावून घ्यावी.

पुढचा सराव

पेला जमल्यावर वस्तू याच क्रमाने अवघड करत जा. आधी शिट्टी : तीही धातूची, पण तिच्यात नळी आणि पेटी असे दोन आकार मिळतात आणि मधल्या फटीत काळोख असतो. मग पट्ट्याचे पितळी बक्कल : त्यात पट्टे तेच, फक्त प्रत्येक छटेत पिवळा मिसळलेला, आणि कोपऱ्यांवर चमक एकवटलेली. शेवटी ड्रिलचा बूट. बुटाच्या टोकावरचा आरसा आणि बाजूचे मऊ कातडे एकाच वस्तूवर शेजारी असतात, म्हणून तिथे धारदार पट्टे आणि सलग उतार दोन्ही लागतात.

दर वेळी पाच ओळींची तीच नोंद आधी वहीत करा : सर्वांत उजळ कुठे, सर्वांत काळे कुठे, धारदार कड कोणती, विरघळलेली कोणती, शेजारच्या वस्तूचा रंग कुठे उमटला. एका आठवड्याला एक वस्तू घेतली, तर सत्र संपेपर्यंत दहा-बारा चित्रे सहज होतील. पहिले आणि शेवटचे चित्र शेजारी ठेवून पाहा. मग फील्डक्राफ्टच्या मैदानावर समोरच्या झुडपात काय दिसते, तेही एकदा नव्याने तपासून पाहा.